डोळ्यात काय बसवलं, हे कोण सांगणार?

गोंदिया जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसाला दिसेनासं झालं की घरचे एकच निदान करतात, मोतीबिंदू. त्यात त्यांचा दोष नाही. गावात शिबिराची गाडी येते ती मोतीबिंदूसाठी. दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं तेही मोतीबिंदूबद्दल. ऑपरेशन करून आलेला शेजारी आठ दिवसांत पुन्हा बांधीवर जाताना दिसतो, तोही मोतीबिंदूचाच. काचबिंदू हा शब्द घरात येतो तेव्हा बहुतेकदा एक डोळा गेलेला असतो.

नावं सारखी असली तरी आजार अगदी वेगळे आहेत. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून दुसरं बसवता येतं आणि नजर परत येते. काचबिंदूत डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू वाळत जाते. डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होत असतं. हे पाणी अश्रूंचं नव्हे. ते एका बारीक जाळीतून बाहेर पडतं. जाळी तुंबली की आत दाब वाढतो आणि नसेवर ताण येतो. हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, साधारण १० ते २१ हा नेहमीचा पट्टा. काहींची नस या पट्ट्यातल्या दाबावरही खराब होते. नजर आधी कडेने जाते, मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. आणि गेलेलं परत येत नाही. थेंब, लेझर, शस्त्रक्रिया हे सगळं उरलेली नजर राखण्यासाठी असतं.

चेन्नईजवळच्या खेड्यांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत काचबिंदू सापडलेल्या शंभरातल्या जवळपास ९८ जणांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नव्हतं. आपल्या बाजूला नागपूरचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गचे डॉ. योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या आठ गावांत तीस वर्षांवरच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. त्यातली एक गोष्ट विदर्भातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. इथल्या लोकांच्या बुबुळाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन निघाली, म्हणजे बऱ्याच ठिकाणच्या लोकांपेक्षा पातळ. बुबुळ पातळ असलं की यंत्रावर दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणजे आपल्याकडे नुसता दाबाचा आकडा बघून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणं धोक्याचं आहे. आतली नसही बघावी लागते.

हे सगळं मी शिकले ते माझ्या खालामुळे. आईची ही धाकटी बहीण तिरोडा तालुक्यातल्या एका गावात राहते. चाळीस वर्षं तिने बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा, दिवसाला हजार बिड्यांचा हिशेब. तंबाखूच्या भुकटीने डोळे चुरचुरायचे. मग गावातल्या औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब यायचे. त्या थेंबांत स्टेरॉइड असतं आणि ते वर्षानुवर्षं घातलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, हे तिला कुणी सांगितलं नाही. एका शिबिरात तिचा डावा डोळा बघून ‘मोतीबिंदू आहे, पिकला की या’ असं सांगण्यात आलं. ती पिकायची वाट बघत राहिली. नागपूरला नेलं तेव्हा डावा डोळा पूर्ण गेला होता आणि उजव्या डोळ्याने ती नळीतून बघावं तसं बघत होती. तीन प्रकारचे थेंब घालूनही दाब तिशीच्या खाली येईना. शस्त्रक्रिया ठरली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतीपत्रावर तिचा अंगठा हवा होता. कागद इंग्रजीत होता. समुपदेशन करणाऱ्या मुलीने चांगल्या आवाजात सगळं समजावलं, पण एका ओळीवरून ती ‘आणि एक औषधी स्पंज ठेवणार’ एवढंच म्हणून पुढे गेली. कागदावर होतं, विरघळणारं कोलॅजेन मॅट्रिक्स. कोलॅजेन म्हणजे प्राण्याच्या कातडीत, हाडात, स्नायूंच्या बांधणीत असणारं प्रथिन. कोणत्या प्राण्याच्या? मी व्हरांड्यात उभी राहून मोबाइलवर शोधलं. ओलोजेन नावाचा हा तुकडा डुकराच्या कोलॅजेनपासून बनतो. कंपनी हे लपवत नाही. तिच्या माहितीत ते सरळ लिहिलेलं असतं. फक्त ती माहिती खालापर्यंत पोहोचत नव्हती.

माझा मामेभाऊ म्हणाला, सांगू नको. डोळा वाचणं महत्त्वाचं, ती उगाच घाबरेल, नाही म्हणेल. त्याच्या बोलण्यात प्रेम होतं. पण मला ते पटलं नाही. खालाने सगळं आयुष्य आपल्या हाताच्या कमाईवर काढलं. नमाज कधी चुकवली नाही. तिच्या डोळ्यात काय ठेवायचं हे आम्ही तिच्या पाठीमागे ठरवायचं, तर मग अंगठा तरी तिचा कशाला घ्यायचा? मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “बेटा, इसके बगैर होता है क्या, डॉक्टरसाहब से पूछ.”

नुसत्या घृणेतून आलेला नकार असता तर एवढ्यावरच विषय संपला असता. तिचा प्रश्न तसा नव्हता. त्या एका प्रश्नात वैद्यकशास्त्र आणि फिकह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र, दोन्ही होते.

डॉक्टरांनी कागद ओढला आणि चित्र काढून दाखवलं. ट्रॅबेक्युलेक्टॉमी नावाची ही शस्त्रक्रिया १९६८ पासून रूढ आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागात, म्हणजे श्वेतपटलात, एक छोटी झडप कापतात आणि तिच्याखालून पाण्याला नवी वाट करून देतात. पाणी वरच्या पातळ आवरणाखाली साठतं, तिथे एक फुगीर जागा तयार होते आणि हळूहळू शोषलं जातं. अडचण अशी की शरीराला ही जखम वाटते आणि ते ती भरून काढायला लागतं. जखम नीट भरली म्हणजे ऑपरेशन फसलं. बाकी सगळ्या शस्त्रक्रियांत डॉक्टरला जे हवं असतं, तेच इथे नको असतं.

हे भरून येणं रोखायला दोन मार्ग. पहिला मायटोमायसीन या औषधाचा. काही मिनिटं ते जखमेला लावतात आणि व्रण तयार करणाऱ्या पेशींची वाढ थांबते. तैवानमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते काचबिंदूसाठी वापरलं गेलं आणि नंतर जगभर पसरलं. ते परिणामकारक आहे, पण कधी कधी फुगीर जागेचं आवरण फार पातळ होतं, गळतं, आणि पुढे कित्येक वर्षांनीही जंतुसंसर्ग होण्याची भीती राहते. दुसरा मार्ग या स्पंजचा. त्याच्या बारीक छिद्रांमुळे नवे तंतू घट्ट ओळीत न विणले जाता सैल, अस्ताव्यस्त वाढतात. तीन-सहा महिन्यांत स्पंज विरघळून जातो, वाट मात्र मोकळी राहते, अशी अपेक्षा.

अपेक्षा हा शब्द मी मुद्दाम वापरला. प्रत्यक्षात काय होतं हे चाचणीनेच ठरतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी ही तुलना करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुणाला मायटोमायसीन आणि कुणाला स्पंज, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं. यश दोन्हीकडे जवळपास सारखं आलं. पण ही चाचणी जेमतेम चाळीस डोळ्यांची होती. एवढ्या छोट्या चाचणीत फरक दिसला नाही याचा अर्थ फरक नाहीच असा होत नाही. मोठा फरक असता तर बहुधा दिसला असता, एवढंच म्हणता येतं. इतर देशांतल्या चाचण्याही बहुतेक अशाच लहान आहेत.

डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, “तुमच्या मावशींच्या डोळ्यात मी दोन्हींपैकी काहीही वापरू शकतो. स्पंज मला थोडा सुरक्षित वाटतो, पण तो नसला तर ऑपरेशन होणार नाही असं नाही.” मग हसून म्हणाले, “बरं झालं विचारलंत. कुणी विचारत नाही.”

त्या संध्याकाळी आम्ही गावाकडच्या मौलानासाहेबांना फोन लावला. मला वाटलं होतं, डुकराचं नाव काढताच ते एका शब्दात हराम म्हणून मोकळे होतील. तसं झालं नाही. त्यांनीच उलट दोन प्रश्न विचारले. याला दुसरा इलाज आहे का? आणि ती वस्तू मूळ रूपात राहते, की बदलून दुसरीच काही होते?

या दोन प्रश्नांमागे शेकडो वर्षांची चर्चा आहे. पहिला ‘जरूरत’चा. कुरआनात निषिद्ध अन्न सांगताना, सूरह बकराच्या १७३व्या आयतीत, अगतिक माणसावर दोष नाही असाही दिलासा दिलेला आहे. जीव किंवा अवयव वाचवायला दुसरा मार्ग नसेल तर निषिद्ध गोष्टही चालते, पण गरजेपुरतीच. दुसरा ‘इस्तिहाला’चा, म्हणजे रूपांतराचा. दारूचा सिरका झाला की तो हलाल, कारण वस्तू बदलली, हे जुनं उदाहरण. कोलॅजेनला हे लागू होतं का, यावर उलेमांमध्ये एकमत नाही. इस्लामी देशांच्या संघटनेशी जोडलेल्या फिकह अकादमीने १९८६ मध्ये डुकरापासूनचं जिलेटिन अन्नात वापरायला मनाई केली. १९९५ मध्ये कुवेतला इस्लामिक ऑर्गनायझेशन फॉर मेडिकल सायन्सेसच्या परिषदेत शंभराहून अधिक धर्मशास्त्री आणि तज्ज्ञ जमले. त्यांनी, पूर्ण रूपांतर झालेलं असेल तर वस्तू शुद्ध ठरते आणि जिलेटिन त्यात येतं, असं मत दिलं. शिवाय डोळ्यात ठेवायची वस्तू आणि ताटात वाढायची वस्तू यांत फरक आहेच.

मौलानासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं, की इलाज हाच एक असेल तर बेलाशक करा, गुनाह नाही. दुसरा तेवढाच चांगला असेल तर तो घ्या, म्हणजे मनाला खटका राहणार नाही.

इथे मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट उमगली. ‘दुसरा तेवढाच चांगला इलाज आहे का’ याचं उत्तर कोणत्याही मदरशाच्या किताबात सापडणार नाही. ते हैदराबादच्या त्या चाळीस डोळ्यांत आहे. चाचणी नीट झाली नसेल, लहान असेल, तिचा निकाल रुग्णाला सांगितला नसेल, तर मुफ्तीही चाचपडत राहणार. जरूरत आहे की नाही हे ठरवायला आधी वस्तुस्थिती लागते. विज्ञान आणि दीन यांचं भांडण लावून देणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांना हे दिसत नाही. खालाच्या बाबतीत भांडण नव्हतंच. एकाला दुसऱ्याची गरज होती.

खालाने मायटोमायसीन निवडलं. तिच्या जागी दुसऱ्या कुणी स्पंज निवडला असता तर तोही तितकाच योग्य निर्णय ठरला असता. माझ्या ओळखीच्या एका काकांनी, सगळं माहीत असून, तसं केलंही. मुद्दा कोणता इलाज निवडला याचा नाही, निवडता आलं याचा आहे.

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा आहे असंही समजू नये. खालाच्या शेजारच्या खाटेवर आमगावकडचे एक पोवार शेतकरी होते, माळकरी. आमचं बोलणं ऐकून त्यांनी हळूच विचारलं, “बाई, गाईचं तर नाही ना काही?” त्यांच्या ऑपरेशनात नव्हतं. पण शस्त्रक्रियेत वापरलं जाणारं बरंच कोलॅजेन गाई-बैलांचं असतं. हृदयाच्या झडपा गाईच्या हृदयावरणाच्या असतात तशा डुकराच्याही असतात. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेली झेन नावाची सहा मिलिमीटर लांबीची नळी केसापेक्षा बारीक छिद्राची असते आणि तीही डुकराच्या जिलेटिनची. जैन रुग्णाला, शाकाहारी रुग्णाला, माळकऱ्याला, मुसलमानाला हा एकच प्रश्न पडतो. तो विचारायला सगळेच लाजतात.

दोन वर्षं बरी गेली. मग खालाचा दाब पुन्हा चढायला लागला. वाट बुजली होती. या वेळी डॉक्टरांनी नळी बसवायचं सुचवलं. सिलिकॉनची बारीक नळी डोळ्याच्या आत सोडायची आणि तिचं दुसरं टोक एका चपट्या पट्टीला जोडून ती पट्टी पांढऱ्या भागावर मागे शिवून टाकायची. दक्षिण आफ्रिकेतल्या मोल्टेनो यांनी १९६९ मध्ये अशा नळ्यांची सुरुवात केली. पुढे डॉ. ए. मतीन अहमद यांनी दाब फार उतरू न देणारी झडप तयार केली. १९९३ पासून ती ‘अहमद व्हॉल्व्ह’ म्हणून जगभर वापरली जाते. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाच्या ऑरोलॅबने २०१३ मध्ये बिनझडपेची, परदेशी नळ्यांच्या तुलनेत कितीतरी स्वस्त नळी काढली. बिड्या वळणाऱ्या बाईला परवडली ती ही. नळीच्या बाजूने पुरावाही भक्कम होता. अमेरिकेत आधी ऑपरेशन झालेल्या २१२ डोळ्यांवर नळी आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी यांची तुलना झाली. पाच वर्षांनी नळीच्या गटात २९.८ टक्के आणि दुसऱ्या गटात ४६.९ टक्के ऑपरेशनं अयशस्वी ठरली होती.

पण नळी उघडी ठेवून चालत नाही. पापणीच्या घर्षणाने वरचं नाजूक आवरण झिजतं, नळी उघडी पडते आणि जंतू थेट डोळ्यात शिरतात. म्हणून नळीवर एक ठिगळ शिवतात. काही ठिकाणी रुग्णाच्याच श्वेतपटलात बोगदा करून नळी नेतात. खालाचं श्वेतपटल आधीच्या ऑपरेशनने पातळ झालं होतं. तिला ठिगळ लागणार होतं, आणि ते मृत माणसाच्या डोळ्याचं असणार होतं.

या वेळी संमतीपत्राच्या वेळी डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं. नेत्रपेढीला मिळालेल्या डोळ्याचं पारदर्शक बुबुळ कुणाला तरी बसवतात. उरलेलं श्वेतपटल ग्लिसरीन किंवा अल्कोहोलमध्ये महिनोन्महिने टिकतं. त्यासाठी रक्तगट जुळवावा लागत नाही. दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, दोन्ही प्रकारची कावीळ आणि सिफिलिससाठी तपासणी होते. ही काळजी जग ठेच लागून शिकलं. मेंदूवरचं आवरण, ड्युरा मेटर, एकेकाळी शस्त्रक्रियांत सर्रास ठिगळ म्हणून वापरत. १९८७ मध्ये त्यातून मेंदूचा एक असाध्य आजार पसरल्याचं उघड झालं आणि ऊतींच्या तपासणीचे नियम कडक झाले. आता परदेशात दात्याच्या श्वेतपटलाची बारीक पट्टी डोळ्याच्या आत ठेवून पाण्याची वाट उघडी राखायच्या चाचण्या चालू आहेत. ठिगळ म्हणून वापरलं जाणारं ऊतक उद्या इलाजाचाच भाग होऊ शकेल.

खालाने सगळं ऐकलं आणि विचारलं, “वो कौन था? नाम क्या था?” डॉक्टर म्हणाले, नाव सांगता येत नाही, आम्हालाही माहीत नसतं. तिला नाव दुआसाठी हवं होतं. ते मिळालं नाही म्हणून ती तेव्हापासून ‘जिसकी आँख मेरे पास है’ अशी दुआ मागते. तो हिंदू होता की बौद्ध की ख्रिस्ती, पुरुष की बाई, हे तिला ठाऊक नाही. तिला त्याने फरक पडत नाही.

मला मात्र पडतो, वेगळ्या अर्थाने. तो मुसलमान असण्याची शक्यता किती होती? आपल्या घरांत नेत्रदान झाल्याचं मी फार क्वचित ऐकलं आहे. श्रीलंकेची नेत्रदान संस्था कित्येक वर्षांपासून पाकिस्तानला हजारो बुबुळं पाठवत आली आहे. देणारे बहुतेक बौद्ध, घेणारे बहुतेक मुसलमान. घेताना आपण जरूरत म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. देताना मात्र ‘शरीर अमानत आहे’ हे आठवतं.

अमानतीचा मुद्दा मी हलका समजत नाही. देवबंदच्या परंपरेतल्या अनेक मुफ्तींनी याच आधारावर अवयवदानाला नकार दिला आहे आणि आपल्या भागातल्या बहुतेक मशिदींवर त्याच परंपरेचा प्रभाव आहे. पण दुसरं मतही तितकंच शास्त्राधारित आहे. १९८८ मध्ये जेद्दाहला त्याच फिकह अकादमीने, डुकराच्या जिलेटिनबाबत कडक राहिलेल्या अकादमीने, मृताच्या अवयवाने जिवंताचा जीव किंवा महत्त्वाची क्षमता वाचत असेल तर मृताच्या किंवा वारसांच्या परवानगीने ते द्यायला मोकळीक दिली. दोन मतं आहेत म्हटल्यावर निदान घरात चर्चा तरी व्हावी. आपल्याकडे चर्चाच होत नाही. ‘अपने में नहीं होता’ एवढ्यावर विषय मिटतो.

गैरसमजही बरेच आहेत. दफनाला उशीर होईल ही भीती पहिली. डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, म्हणजे तसाही उशीर चालत नाही. काम वीस-पंचवीस मिनिटांचं. गुस्ल आणि कफनची तयारी होईपर्यंत ते आटोपतं. चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असलेला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला, साखर किंवा बीपी असलेला माणूसही देऊ शकतो. आणि नेत्रदानाचा अर्ज भरून पेटीत ठेवला म्हणजे झालं असंही नाही. त्या घडीला घरच्यांनी होकार द्यावा लागतो आणि फोन करावा लागतो. घरच्यांना माहीत नसेल तर अर्ज पेटीतच राहतो.

आता संमतीपत्राबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं, की रुग्णाला इलाजाचं स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती. औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. सहभागी होणाऱ्याला समजेल त्या भाषेत माहिती द्यावी लागते आणि नैतिक समितीत डॉक्टरांबरोबर सामान्य माणूसही असावा लागतो. कागदावर सगळं ठीक आहे. पण ‘कोलॅजेन’ हा शब्द मराठीत तसाच लिहिला म्हणजे भाषांतर झालं असं नाही. प्राण्याचं नाव लिहिलं पाहिजे. ‘डुकरापासून बनवलेलं’, ‘गाईपासून बनवलेलं’, ‘मृत दात्याच्या डोळ्यातलं’, असे चार साधे शब्द. डॉक्टरांना भीती वाटते की हे लिहिलं तर लोक पळून जातील. खाला पळाली नाही. तिने प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, आणि ती दोन्ही वेळा टेबलावर गेली.

गोंदियात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१६ पासून तिथे विद्यार्थी शिकतात. त्यातले काही उद्या नेत्रतज्ज्ञ होतील आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावचे रुग्ण त्यांच्यासमोर बसतील. ते रुग्ण हिंदी, मराठी, झाडीबोली, पोवारी, गोंडी बोलतील. त्यांच्यापैकी कुणालाही ‘मॅट्रिक्स’ कळणार नाही. ‘हे कशाचं आहे’ हे मात्र प्रत्येकाला कळेल आणि त्यावर प्रत्येकाचं मत असेल.

खालाचा दाब आता बाराच्या आसपास असतो. एक थेंब उरला आहे, तो ती इशाच्या नमाजनंतर घालते. बिड्या बंद झाल्या. चाळिशी ओलांडलेल्या तिच्या मुलांचे, माझा आणि माझ्या भावांचे डोळे तपासून झाले, कारण हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. एका भावाच्या नसेवर डॉक्टरांना शंका आहे, त्याला दर सहा महिन्यांनी बोलावलं आहे. तुमच्या घरात कुणाला काचबिंदू असेल तर तुम्हीही हे करा. शिबिरात ‘मोतीबिंदू’ म्हणतील तेव्हा ‘दाब बघितला का, नस बघितली का’ असं विचारा.

मी घरी सांगून ठेवलं आहे, माझे डोळे द्यायचे. अम्मीने ऐकून घेतलं, हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. खाला मात्र लगेच म्हणाली, नंबर लिहून भिंतीला लावून ठेवा, त्या वेळी कुणाला सुचत नाही. नेत्रपेढीचा नंबर आता आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या नंबरशेजारी लावलेला आहे.